प्याला फिनलंडला गेला त्याची गोष्ट

डोळे मिटा पाहू. अर्धवट नाही, पुरते मिटा. आता कल्पना करा, तुमच्या गावात एक लांबच लांब भिंत आहे आणि तिच्यावर कोणीही आपलं चित्र आणून लावावं. तुम्ही मोर लावलात. येणारा-जाणारा थांबतो, बघतो आणि म्हणतो, "मोर झकास आहे, पण याला पाय एकच दिसतो." मग तो तुमच्या मोराची नक्कल काढून घरी नेतो, तिच्यात दुसरा पाय काढतो आणि परत येऊन विचारतो, "बघा, पटतो का? पटला तर लावा, नाही तर राहू द्या." तुमचा मोर जागच्या जागी. पाय लावायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. आणि कुठली रेघ कोणी ओढली ते ती भिंत स्वतः लक्षात ठेवते, म्हणजे पुढे भांडण नको.

उघडा डोळे. अशी भिंत खरोखर आहे. ती विटांची नाही, संगणकाच्या जाळ्यावर आहे, आणि तिच्यावर चित्रांऐवजी संगणकाचे प्रोग्राम लावतात. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही अशी जगभरची माणसं एकमेकांच्या मोरांना पाय लावत बसलेली असतात. आपण तिला चव्हाटा म्हणू. आता इराणात, तफ्त गावी चला. उन्हाळा आहे, झाडांवर डाळिंबं अजून लिंबाएवढी आहेत, आणि गणिताचे निवृत्त शिक्षक फतहुल्ला मास्तर चव्हाट्यावर चढायच्या बेतात आहेत.

मास्तरांच्या गल्लीतल्या बागांना पाणी येतं ते डोंगराच्या पोटातल्या भुयारातून. तिथे त्याला कनात म्हणतात. पाणी एक, बागा सात, म्हणून ज्याचा वार त्याची पाळी. पूर्वी पाळी मोजायला पाण्याच्या घंगाळात बुडाला भोक असलेला तांब्याचा प्याला सोडत. तो भरून बुडाला की एक माप झालं. आपल्याकडे लग्नात घटिकापात्र असायचं ना, त्याचाच हा सख्खा भाऊ. पुढे प्याला गेला, घड्याळं आली, आणि प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या मालकाच्या बाजूने चालू लागलं. म्हणून मास्तरांनी एक प्रोग्राम लिहिला. पाळी कोणाची, कधी सुरू, कधी संपली, हे तो गल्लीतल्या प्रत्येक फोनवर सांगे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने फोन बघायचा आणि त्या बागेकडचं पाटाचं फाटक उघडायचं. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं प्याला.

एक गोष्ट नीट ऐका, पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच निघणार आहे. त्या मुलखात जुन्या हिशेबाने दिवस मावळतीला बदलतो. गुरुवारी सूर्य बुडाला की लागलीच शुक्रवारची रात्र सुरू. पाण्याची पाळीही तशीच, सूर्यास्त ते सूर्यास्त. हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. त्यामुळे कोणाला सांगायची गरज असते असं मास्तरांच्या कधी मनातच आलं नाही.

"घरचं भांडं चव्हाट्यावर का नेऊन ठेवताय?" एफ्फत खानुमनी (खानुम म्हणजे बाई), मास्तरांच्या बायकोने, पहिल्याच दिवशी विचारलं. "कोणी उचलून नेलं म्हणजे?"

"अगं, तिथून कितीही जणांनी नेलं तरी ते तिथेच राहतं."

"असलं एखादं भांडं मला स्वयंपाकघरात हवं होतं," एफ्फत खानुम म्हणाल्या. "चाळीस वर्षं तुम्ही कधी सुचवलं नाहीत."

मास्तरांबरोबर सगळ्या कामाला असायची ती बनफ्शे, त्यांच्या मुलीची मुलगी. चौथीत होती, पण आजोबांच्या प्रोग्रामातली ओळ न् ओळ तिला तोंडपाठ. त्यातल्या चुका शोधून "आजोबा, इथे तुम्ही झोपला होतात" असं सांगणं हा तिचा आवडता खेळ होता.

आता प्रत्येक प्रोग्रामाशेजारी चव्हाट्यावर एक तक्रारीचं पान असतं. प्रोग्रामात काय चुकलं ते तिथे लिहायचं, म्हणजे ज्याला येतं तो दुरुस्त करतो. मास्तरांनी सरळ मनाने गल्लीतल्या सगळ्यांना हे पान दाखवलं. समोरचे कर्नल बहमनयार सैन्यातून निवृत्त झाल्यापासून तक्रारीला जागा शोधतच होते. त्यांनी लिहिलं, "मनीजे खानुमचं मांजर माझ्या भिंतीवरून गस्त घालतं." मनीजे खानुम शेजारच्याच बागेच्या मालकीण. त्यांनी खाली लिहिलं, "कर्नलसाहेबांच्या घोरण्याने मांजराला झोप येत नाही." पुढे अंजिराच्या झाडावर वाळत घातलेल्या मोज्यांचा विषय निघाला. आणि चव्हाट्यावरचे लोक इतके सज्जन, की ब्राझीलमधून कोणीतरी कळवलं, "हा दोष माझ्याकडे दिसत नाही. कृपया मांजर कोणत्या प्रकारचं आहे ते सांगावं."

मांजराचं बरंच लांबलं असतं. पण एक दिवस त्या पानावर तौनो उगवला.

तौनो उत्तर फिनलंडमधल्या एका गावाचा. त्यांच्या इमारतीत सगळ्यांना मिळून एकच सौना होता. सौना म्हणजे लाकडाची कढत खोली; तिथे वाफेत बसून घाम काढतात आणि त्यालाच अंघोळ म्हणतात. तिथेही कुटुंबांच्या पाळ्या असतात, आणि तौनोने त्या लावायला चव्हाट्यावरून प्याला घेतला होता. त्याने लिहिलं:

"नमस्कार. आमच्याकडे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. तुमचा प्याला सूर्यास्ताची वाट पाहत बसला आहे. त्यामुळे तळमजल्यावरच्या कुटुंबाची पाळी अजून संपलेली नाही. ते खूश आहेत. बाकी सगळी इमारत पारोशी आहे."

"थट्टा करतोय," कर्नलसाहेब म्हणाले. "सूर्य मावळत नाही म्हणजे काय? त्याच्यावर कोणाचा हुकूम चालतो की नाही?"

बनफ्शेने पृथ्वीचा गोल आणला, त्याला तिरका धरून दिव्याभोवती फिरवला आणि फिनलंडवरचा उजेड कर्नलसाहेबांना दाखवला. त्यांनी गोल स्वतःही एकदा फिरवून पाहिला. "बिचारे," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे रोजे सोडत असतील कधी?"

पुढे तौनोने दुरुस्तीही पाठवली. सूर्यास्ताच्या जागी मध्यरात्र. सात ओळी, स्वच्छ, सुटसुटीत. मास्तर वाचून हरखून गेले. परक्या मुलखातला माणूस, ना ओळख ना पाळख, आपल्या मोराला पाय घेऊन आला! आता याला नुसतं 'आभारी आहे' म्हणायचं? घरचे संस्कार काही आहेत की नाहीत?

इथे मला थांबून तआरुफ सांगायला हवा. त्या मुलखात तुम्ही कोणाच्या शालीची तारीफ केलीत, तर तो ती खांद्यावरून काढून म्हणतो, "तुमचीच आहे." तुम्ही म्हणायचं, "छे छे, तुमच्याच खांद्यावर शोभते." तो पुन्हा म्हणतो, तुम्ही पुन्हा नाही म्हणता. तीनदा असं झालं की शाल जागेवर, दोघंही खूश, आणि दोघांच्याही मनात गोडवा. यात खोटं काही नाही. तो एक नाच आहे. फक्त नाचायला दोघांनाही पावलं यावी लागतात.

मास्तरांनी फारसीत लिहिलं आणि भाषांतराच्या यंत्राने ते शब्दाला शब्द पलटून फिनलंडला पोचवलं: "आपल्यावरून जीव ओवाळून टाकतो. आपले हात कधी न दुखोत. हा प्याला आपल्या पायाशी ठेवायच्याही लायकीचा नाही. आपलाच समजा. आपण मालक, मी आपल्या दारचा चाकर."

तौनोचं उत्तर तासाभरात आलं. "माझे हात दुखत नाहीत, धन्यवाद. कृपया जीव देऊ नका, फक्त सौनाचा प्रश्न आहे. मालकीबद्दल तुम्ही खरंच म्हणता? मला आनंद होईल. तुमच्या बाजूला 'मालकी बदला' असं एक बटण आहे. ते दाबा."

मास्तरांच्या हातातला चहा हातातच राहिला.

"पहिलं 'नाही' कुठे आहे?" त्यांनी पडद्यावर वर-खाली शोधलं. "तो 'नाही' म्हणायचं विसरला का?"

"तुम्ही दिलंत, त्याने घेतलं," एफ्फत खानुम म्हणाल्या.

"पण मी द्यायचं म्हणून दिलं नव्हतं!"

"हे त्याला फिनलंडात कसं कळावं?"

कर्नलसाहेबांचं मत वेगळं पडलं. "मास्तर, ही चाल आहे. तुम्ही बटण दाबा. एवढी मोठी गोष्ट हातात आली की माणूस लाजेल आणि म्हणेल, 'अहो, हे कसं घेऊ मी!' माझी पैज."

"नका दाबू, आजोबा," बनफ्शे म्हणाली. "त्याने विचारलंय ना, खरंच का? मग 'खरंच नाही' असं लिहा."

मास्तरांनी तिच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. दिलेला शब्द गिळायचा? तोही परक्यासमोर? बेचाळीस वर्षं पोरांना सचोटी शिकवलेल्या माणसाने? त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. मग ते तौनोच्या नकाराची वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी बसले. आठवडाभर बसले. शेवटी दोन शब्द आले. "मिळालं. धन्यवाद."

नवा मालक तसा भला होता. त्याने आल्या आल्या झाडलोट केली, मांजराची तक्रार 'आमच्या कक्षेबाहेर' म्हणून बंद केली, प्याल्याच्या चित्राच्या जागी सौनातली लाकडी बादली लावली, आणि डाळिंबं चांगली मुठीएवढी झाली तेव्हा एके दिवशी आपली मध्यरात्रीची दुरुस्ती आत घालून टाकली. गल्लीतले सगळे फोन चव्हाट्यावरच्या त्याच प्रोग्रामाला पाळी विचारत होते. त्यांनी निमूटपणे बादलीचं ऐकलं.

तो गुरुवार होता. गुरुवारची पाळी मनीजे खानुमची, मावळतीनंतर कर्नलसाहेबांची. मनीजे खानुमच्या झाडांनी दिवसभर पाणी पिऊन घेतलं होतं. संध्याकाळी त्यांनी बागेत गालिचे पसरले, कारण त्यांच्या मुलीला मागणी घालायला मुलाकडची मंडळी यायची होती. मंडळी आली, जोडे गालिच्याच्या कडेला काढून बसली, चहा फिरला. तिकडे सूर्य बुडाला. कर्नलसाहेब गुडघ्याएवढे रबरी बूट घालून, खांद्यावर फावडं टाकून आपल्या फाटकाशी तयारच होते.

"बुडाला!" त्यांनी आरोळी ठोकली. "वरचं बंद कर, माझं उघड!"

पाटकऱ्याने फोन पाहिला. "अजून मनीजे खानुमचीच पाळी आहे, साहेब."

"डोळे आहेत का तुला? सूर्य बघ!"

"सूर्य कसा बघू? मास्तरांनीच सांगितलंय, भांडण नको असेल तर फक्त फोन बघायचा."

हा वाद रंगात आला आणि इकडे आधीच तुडुंब झालेल्या मनीजे खानुमच्या बागेत पाणी येतच राहिलं. ते गालिच्याखाली शिरलं, गालिच्याबरोबर थोडं वर आलं, आणि पाहुण्यांचे सगळे जोडे ओळीने, वरपिता पुढे, वरमाय मागे अशा थाटात, भिंतीतल्या मोरीतून गल्लीत निघून गेले. काही खालच्या बेकरीच्या दारात सापडले. वरपित्याचा उजवा जोडा अजून सापडलेला नाही. पण यात एक चांगलंही झालं. बिनजोड्याचे पाहुणे जाणार कुठे? ते जेवायला राहिले, आणि जेवणानंतर बोलणी पक्की झाली. तरीही मनीजे खानुम रागावल्याच. लग्न जमलं म्हणून गालिचे काही वाळत नाहीत.

कर्नलसाहेबांचं दुःख मात्र खरं होतं. त्यांची बायको गेल्यापासून त्या डाळिंबांखेरीज त्यांना घरात कोणी नव्हतं. डाळिंबाचं असं आहे, की ऐन भरण्याच्या दिवसांत एक पाळी चुकली आणि पुढची अवेळी आली, की फळं उकलतात. मध्यरात्री पाणी मिळालं खरं, पण तोवर पाटकरी आणि कर्नलसाहेब दोघंही थकले होते आणि अर्धी बाग कोरडीच राहिली. शुक्रवारी सकाळी गल्लीतले सगळे बागवाले मास्तरांच्या अंगणात जमले. ठरलं ते असं: येत्या गुरुवारी सूर्यास्ताला पाणी कर्नलसाहेबांच्या बागेत गेलं तर प्याला राहील. नाही तर सगळ्यांनी तो फोनवरून काढून टाकायचा आणि पुन्हा आपापल्या घड्याळांवर भांडायचं.

कर्नलसाहेब जाताना मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर राग नाही. पण या वर्षी फळ चांगलं धरलं होतं हो." राग परवडला असता.

मग सल्ल्यांचा पूर आला. कोणी म्हणालं वकिलातीत अर्ज करा. कोणी म्हणालं नोंदणी कचेरीत जा, मालकी कशी फिरते ते त्यांनाच ठाऊक. मास्तर कचेरीत गेले. खिडकीतला कारकून सभ्य होता, त्याने चहा मागवला.

"मालमत्ता जंगम की स्थावर?" त्याने विचारलं.

मास्तरांनी विचार केला. "ती फिनलंडला गेली."

"मग जंगम."

"पण इथेही आहे. आमच्या सगळ्या फोनमध्ये."

"म्हणजे स्थावर."

"तसं पाहिलं तर आत्ता ओमानात आणि ब्राझीलमध्येही असेल."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "मास्तर, तुम्ही मला सातवीत शिकवलंत. तेव्हाही तुमची उदाहरणं अशीच असायची. बरं, दान करताना साक्षीदार कोण होतं?"

"सगळं जग."

"सगळ्या जगाला घेऊन या," कारकून कळवळून म्हणाला, "मग बघू."

घरी आल्यावर बनफ्शेने दुसरी वाट सुचवली. "आजोबा, तौनोकडून परत मागू नका. चव्हाट्यावरून तुमची जुनी नक्कल काढा, सूर्यास्तवाली. तिला वेगळ्या नावाने लावू आणि सगळ्यांचे फोन तिकडे वळवू."

ही गोष्ट चव्हाट्यावर अगदी रीतीची आहे. कोणाशी पटलं नाही तर नक्कल काढून आपली वेगळी चूल मांडता येते. मास्तरांनाही हायसं वाटलं. कोणाकडे काही मागायला नको. नक्कल निघाली. आजोबा-नात घरोघर फोन वळवत फिरले. पण मनीजे खानुमनी "मी त्या प्याल्याला हातही लावणार नाही" म्हणून फोन दिलाच नाही, पाटकरी आपला परवलीचा शब्द विसरला होता, आणि ब्राझीलच्या कोणीतरी त्याच वेळी बादलीत केलेली एक चांगली सुधारणा नव्या नकलेत आलीच नाही. सोमवारी मावळतीला अर्धी गल्ली प्याल्याचं ऐकत होती आणि अर्धी बादलीचं. दोन बागांचे मालक एकाच फाटकावर फावडी टेकवून उभे, दोघांच्याही फोनवर स्वतःचीच पाळी.

"पूर्वी एक घड्याळ दुसऱ्याशी भांडायचं," एफ्फत खानुम खिडकीतून बघत म्हणाल्या. "आता तुमचा प्याला तुमच्याच प्याल्याशी भांडतोय. प्रगती आहे."

त्या संध्याकाळी मास्तर जेवले नाहीत. अंगणातल्या बाकावर बसून राहिले. बनफ्शे संगणक घेऊन शेजारी येऊन बसली.

"त्याला खरं लिहू या," ती म्हणाली.

"कसं लिहू, बाळ? दिलेलं परत मागायचं? माणसाचं नाक कापलं जातं."

"आणि कर्नल आजोबांची डाळिंबं?"

मास्तरांनी चष्मा चढवला. मग म्हणाले, "लिही. मी सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. "परममित्र, आपल्या पायांची धूळ माझ्या डोळ्यांचं अंजन..."

बनफ्शेने ते खोडलं.

"हे काय?"

"त्याला धुळीचं काय करायचं ते कळणार नाही, आजोबा. पुढे सांगा."

"आपल्यासारख्या थोर माणसाला तसदी देताना जीभ झडो..."

तेही गेलं. स्वयंपाकघरातून एफ्फत खानुमनी "घरच्यांची तब्येत तरी विचारा" म्हणून एक ओळ घातली, तीही गेली. भिंतीवरून डोकावून कर्नलसाहेबांनी "आमची तुकडी सज्ज आहे" असं लिहायला सांगितलं. ते तर बनफ्शेने ऐकलंच नाही असं दाखवलं. शेवटी जे उरलं ते असं: "तौनो, मी 'तुमचाच समजा' म्हणालो ते आमच्याकडचं प्रेमाचं बोलणं आहे; त्यावर समोरच्याने तीनदा 'नाही' म्हणायचं असतं. मला प्याला द्यायचा नव्हता. माझी चूक झाली. आमच्याकडे दिवस सूर्यास्ताला बदलतो. मध्यरात्रीमुळे आमच्या शेजाऱ्यांची बाग वाळते आहे. गुरुवारी संध्याकाळच्या आत मदत कराल का?"

मास्तरांनी ते वाचलं. आपल्या आयुष्यातलं इतकं उघडंबोडकं पत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. शाल, टोपी, काही नाही; माणूस नुसता बनियनवर बाजारात उभा. त्यांचा हात बटणाजवळ गेला आणि थांबला, गेला आणि थांबला. मग ते म्हणाले, "तूच दाब." तिने दाबलं.

उत्तर सकाळच्या चहाला आलं.

"प्रिय फतहुल्ला. मला वाटलं होतं तुम्ही आजारी आहात किंवा या कामाला कंटाळला आहात, म्हणून मला देता आहात. मी इमारतीत सगळ्यांना सांगितलं होतं, एका माणसाने मला त्याची सर्वांत आवडती वस्तू दिली. ते ऐकून तळमजल्यावरच्या बाई रडल्या होत्या. आता कळलं, मी तीन वेळा नाही म्हणायला हवं होतं. नाही. नाही. नाही. मालकी परत पाठवली आहे. सूर्यास्त आणि मध्यरात्र, दोन्ही ठेवू. ज्याने त्याने आपापल्या मुलखाचं निवडावं. लिहून ठेवतो आहे, पण तुमची संध्याकाळ मला ठाऊक नाही. कोणीतरी तपासा."

"कोणीतरी" मंगळवारीच उगवलं. ओमानातल्या एका डोंगराळ गावातली जुवैना नावाची शिक्षिका. त्यांच्या गावातही भुयारातून असंच पाणी येतं, आणि तिनेही प्याला कधीचा घेतला होता. तिने लिहिलं, "मध्यरात्र आली तेव्हा आमच्याकडेही दोन चुलत भावांचं बोलणं बंद झालं. मला वाटलं मीच काहीतरी मोडलं, म्हणून लाजून गप्प होते. मास्तर, तुमचं पत्र तक्रारीच्या पानावर, सगळ्यांसमोर उघडं वाचलं आणि धीर आला."

मास्तरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. ज्या पत्राची त्यांना एवढी लाज वाटली होती, त्याने दुसऱ्या कोणाची तरी लाज घालवली होती.

मग काम सुरू झालं. तौनो लिहायचा, जुवैना आपल्या गावची मावळतीची वेळ लावून तपासायची, मास्तर हिशेब पडताळायचे आणि बनफ्शे म्हणायची, "इथे तुम्ही तिघंही झोपला होतात." ब्राझीलवाल्याने मांजर कसं आहे ते पुन्हा विचारलं आणि जाता जाता एक खरीखुरी चूक दुरुस्त करून गेला. वेगळी मांडलेली चूल मोडून पुन्हा एकीत आणली गेली. पाटकऱ्याला त्याचा परवलीचा शब्द आठवला. ते त्याच्या बायकोचं नाव होतं, म्हणून ही गोष्ट गल्लीत फार पसरू दिली नाही.

गुरुवारी मावळतीला सगळी गल्ली पाटावर उभी होती. मनीजे खानुमही आल्या होत्या, जोडे हातात धरून. डोंगराआड सूर्याची शेवटची कड गेली. पाटकऱ्याने फोनकडे पाहिलं. सगळ्यांनी पाटकऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"कर्नलसाहेब," पाटकरी म्हणाला, "पाळी तुमची."

फाटक उघडलं. पाणी आधी थोडं मातीशी कुजबुजलं आणि मग झाडांच्या आळ्यांतून पसरत गेलं. कर्नलसाहेबांनी फावडं टेकवून सैनिकी सलाम ठोकला. तो पाण्याला होता, मास्तरांना होता की फिनलंडला, ते कोणी विचारलं नाही. मनीजे खानुम म्हणाल्या, "लग्नाला सगळ्यांनी यायचं हं. जोडे घालूनच बसा." मास्तर भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

शुक्रवारी सुटीचं जेवण आटोपल्यावर तौनोचा निरोप आला. "चव्हाट्यावर एक पान असावं, हे कोणी केलं ते सांगणारं. प्रत्येकाने आपापलं नाव घालावं."

मास्तरांनी लगेच कळवलं, "मी कोण? वाटेवरची धूळ. मोठ्यांची नावं घाला." जुवैनाने लिहिलं, "मास्तरांचं नाव नाही तिथे माझं कसं शोभेल?" ब्राझीलवाला म्हणाला, मी तर फक्त मांजरासाठी आलो होतो. प्रत्येकाने आपापलं नाव घालावं असं तौनोने स्वतःच म्हटलं होतं, म्हणून त्याने आपलं घातलं. संध्याकाळी बनफ्शेने पान उघडलं, तर त्याच्यावर मोठ्या अक्षरांत होतं: प्याला. कर्ते: तौनो.

"झालं!" एफ्फत खानुम कपाळावर हात मारून म्हणाल्या. "परत गेला फिनलंडला!"

"असू दे गं," मास्तर म्हणाले. "नावात काय आहे? पाणी वेळेवर येतंय ना?" पण म्हणताना त्यांनी चहात साखर ढवळली, आणि इराणात कोणी चहात साखर ढवळत नाही, खडा दातात धरतात.

बनफ्शेने आजोबांकडे पाहिलं. तिने त्या पानाची नक्कल काढली. तौनोच्या नावाच्या वर एक ओळ मोकळी केली आणि तिथे लिहिलं, फतहुल्ला. खाली जुवैना. मग ब्राझीलवाल्याचं, मांजराच्या छोट्या चित्रासह. मग ती जरा थांबली, नख चावलं, आणि सगळ्यांत शेवटी आपलं नाव लिहिलं. ते तिने पुन्हा एकदा वाचून पाहिलं, तौनोच्या वर उचलून ठेवलं, आणि कोणी "राहू दे" म्हणायच्या आत बटण दाबून दुरुस्ती पाठवून दिली.